धूर कोबीला नको, तेलाला द्या

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरला की आमच्या गच्चीवर शेगडी निघते. गेल्या हिवाळ्यात शिगेवर कोंबडीच्या तंगड्या होत्या, मटणाला सावजी मसाला चोळून ठेवला होता आणि सोबतीला कोलस्लॉ, म्हणजे पत्ताकोबीची थंड कोशिंबीर, करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी पत्ताकोबी बारीक चिरली, त्यात मेयोनीज घातलं (नागपुरात 'मेयो' म्हटलं की अजून कित्येकांना हॉस्पिटलच आठवतं), मीठ-तिखट घातलं आणि मठ्ठ्याला देतात तसा निखाऱ्यावर तूप सोडून वरून धुंगार दिला. अर्ध्या तासाने झाकण काढलं तर तळाशी गुलाबी पाणी, आणि धुराचा वास जेमतेम. मामी डोकावली. "काहून रे, पत्ताकोबीचं सरबत करून राहिला का?"

सरबत झालं ते मिठामुळे. पत्ताकोबीच्या वजनात सुमारे 92 टक्के पाणी असतं आणि ते पेशीपेशीतल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे आतल्या पिशव्यांमध्ये, दाबून भरलेलं असतं. चावताना होणारा करकर आवाज या फुगलेल्या पेशी फुटण्याचा. बाहेरून मीठ लागलं की आतलं पाणी पेशीच्या पडद्यातून खारट बाजूकडे सरकतं. हे परासरण, कैरीच्या लोणच्याला खार सुटतो तोही यानेच. म्हणजे पाणी सुटणारच होतं, ते चाळणीत सुटावं की पातेल्यात, एवढंच माझ्या हातात होतं. आता मी किलोभर चिरलेल्या कोबीला दोन चमचे मीठ चोळून ती अर्धा तास चाळणीत ठेवतो आणि मग मुठीने घट्ट पिळतो. खाली अर्धी वाटी तरी पाणी जमतं. कोबी थोडी लवते खरी, पण पेशींच्या भिंती शाबूत असतात, त्यामुळे दाताखाली ती करकरते.

धुराचं कोडं सुटायला मात्र जास्त वेळ लागला.

मांसाला येणारा खमंग धुरकट वास मुख्यतः लाकडातल्या लिग्निनचा. लाकडाला ताठपणा देणारा हा पदार्थ अर्धवट जळताना फुटतो आणि त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी सुगंधी संयुगं बाहेर पडतात. आता कोळसा कसा बनतो ते आठवा. लाकूड हवा कोंडून तापवलं की त्यातला उडून जाण्यासारखा माल भट्टीतच उडून जातो आणि मागे राहतो तो बहुतांश कार्बन. म्हणूनच चांगला पेटलेला लाकडी कोळसा जवळजवळ धूरच करत नाही. धुंगारात आपण ज्याला कोळशाचा वास म्हणतो तो खरं तर निखाऱ्यावर करपलेल्या तुपाचा असतो. मठ्ठ्याला तो शोभतो. पण शेगडीवरच्या मटणाशेजारी तो फिका पडतो, कारण त्यात लाकूड नाहीच. (दगडी कोळशाचा विचारही करू नका. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीच्या, या शहरात तो कुठे दिसला तरी त्यात गंधक असतं. त्याचा धूर जेवणाच्या जवळपासही नको.)

उत्तर आपल्याच भरिताच्या वांग्यात होतं. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवरच्या वांग्याला येत नाही ती याच लिग्निनमुळे. म्हणून निखाऱ्यावर तुपाऐवजी सुक्या तुराटीचे दोन-तीन बोटभर तुकडे ठेवायचे. पऱ्हाटीही जळते चांगली, पण कपाशीवर किती फवारण्या होतात हे विदर्भात कुणी कुणाला सांगायला नको, म्हणून ती मी टाळतो.

आता हा धूर मुरवायचा कशात? धुरातली ही संयुगं पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात जास्त खुशीने विरघळतात. कोबी म्हणजे जवळजवळ पाणीच. तिला धुंगार देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यामुळे धूर आधी तेलाला द्यायचा. पसरट पातेल्यात चार चमचे शेंगदाण्याचं तेल, मधोमध वाटीत निखारा, त्यावर तुराटी, वर झाकण, पाच मिनिटं. पातेलं पसरटच हवं, कारण तेलाचा जितका थर उघडा तितका वास जास्त मुरतो. हे काम गच्चीवर करा, बंद स्वयंपाकघरात नको. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. तुराटी करपट काळा धूर सोडू लागली की काढून टाका. काजळीत बेंझोपायरीनसारखी कर्करोगाशी नातं असलेली संयुगं असतात, आणि त्यांनी चवही कडूच होते.

याच तेलात मी थोडी संत्र्याची साल किसून टाकतो. रस नाही, कारण आत्ताच पाणी पिळून काढलंय, पुन्हा ओतायचं कशाला? शिवाय संत्र्याचा वास असतो तो सालीतल्या तेलाच्या पिटुकल्या पिशव्यांत. त्यातलं मुख्य संयुग लिमोनीन, आणि तेही तेलातच विरघळतं.

तिखटाचंही तेच. कळमन्याच्या बाजारातून आणलेली भिवापुरी मिरची मी तव्यावर नुसती गरम करतो, कुटतो आणि त्याच तेलात भिजवतो. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सायसिन बियांपेक्षा त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात जास्त असतं, आणि पाण्यात ते विरघळत नाही म्हणायला हरकत नाही. म्हणूनच तिखट लागल्यावर पाणी प्यायल्याने आग फक्त तोंडभर फिरते. जिभेवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) ते चिकटतं तो एरवी सुमारे 43 अंशांच्या पुढची उष्णता ओळखतो, त्यामुळे मेंदूला खरोखरच भाजल्याचा निरोप जातो. हा ग्राही 1997 मध्ये शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल पारितोषिक मिळालं, आर्डेम पॅटापूशियन यांच्यासोबत. आम्लाने हा ग्राही आणखी हळवा होतो. सावजी रश्श्यात लिंबू पिळल्यावर डोळ्यांत पाणी येतं ते उगीच नाही.

मोहरीचा झणका मात्र वेगळ्या जातीचा. कोबी आणि मोहरी एकाच कुळातल्या. त्यांच्या पेशींत दोन माल वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. चिरलं किंवा फेसलं की ते भेटतात आणि झोंबणारं आयसोथायोसायनेट तयार होतं. ते उडून जाणारं असल्याने जिभेवर न रेंगाळता थेट नाकात चढतं. मोहरी थंड पाण्यात फेसा, कारण गरम पाण्यात हे काम करणारं विकर (एन्झाइम) मरतं, आणि दहा मिनिटं झाल्याशिवाय लिंबू घालू नका, आम्लानेही ते मंदावतं.

मेयोनीज मी आता सोडलंय. कच्च्या अंड्याचं असेल तर साल्मोनेला जंतूची धास्ती असते; तेलंगणाने तर ऑक्टोबर 2024 मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. त्याऐवजी दोन वाट्या चक्का. त्यातलं केसीन हे दुधाचं प्रथिन तेलाचे थेंब धरून ठेवतं आणि कॅप्सायसिनलाही आवरतं, शिवाय फेसलेल्या मोहरीचा चिकटपणा त्याला हात देतो. चक्क्यात मोहरी घोटायची, मग धुराचं तेल धारेने सोडत फेटायचं, चिमूटभर साखर आणि लिंबू. मांस शेगडीवरून उतरल्यावरच पिळलेली कोबी आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, त्यात घालायचे. आधी कालवलं तर पुन्हा पाणी सुटू लागतं, आणि मामी पुन्हा डोकावते.

या वर्षी ती डोकावली ती चाळणीखालची वाटी उचलायला. त्या खारट पाण्यात तिने सकाळच्या पराठ्यांची कणीक भिजवली, आणि मीठ मात्र वेगळं घातलं नाही.