‘रूपक’ या संज्ञेची पार्श्वभूमी

अलंकार ओळखताना, नाटकाचे परीक्षण वाचताना आणि आकाशवाणी ऐकताना ‘रूपक’ हा एकच शब्द वेगवेगळ्या अर्थांनी कानावर पडतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातील विद्यार्थी हे अर्थ वेगवेगळ्या विषयांत शिकतात. त्यांचा परस्परांशी असलेला संबंध मात्र त्यांना सहसा सांगितला जात नाही.

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे दहाव्या शतकात, खानदेशाच्या उत्तरेला असलेल्या माळव्यात, ‘दशरूपक’ हा ग्रंथ सिद्ध झाला आणि त्यात नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन अशा दहा नाट्यप्रकारांना रूपक हीच संज्ञा आहे. कारण तिथेच दिलेले आहे: नटावर पात्राचा आरोप केलेला असतो, म्हणजे पात्राचे रूप त्याच्यावर चढवलेले असते. अलंकारातही मुखावर चंद्राचा आरोप असतो, म्हणजे दोन्ही अर्थांचे मूळ एकच. भारुडात तर हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या अंगावर येतात, कारण तिथे काम-क्रोधाला विंचू म्हटलेले असते आणि तो चावल्याची तडफड सोंग घेतलेला माणूस प्रेक्षकांसमोर करून दाखवतो. सातपुड्याच्या पायथ्याशी सोंगाड्या पार्टी या लोकनाट्याचे खेळ पाहिलेल्या मुलाला ‘आरोप’ हा शास्त्रीय शब्द ‘सोंग’ या शब्दावरून चटकन समजतो.

खरा गुंता एकोणिसाव्या शतकातला आहे. १८५७ मध्ये मुंबईत विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर इंग्रजी काव्यविचाराचा अभ्यास वाढला आणि त्यातील ‘मेटाफर’साठी रूपक हा तयार शब्द रूढ होत गेला. तो सोयीचा होता, पण मापाचा नव्हता. ग्रीकांपासून चालत आलेल्या त्या संज्ञेत एका वस्तूचे नाव दुसरीला देण्याचे अनेक प्रकार सामावतात, तर आपल्याकडे त्यातील प्रत्येकाला वेगळे नाव आहे.

रावेर-यावलच्या केळीबागेचे उदाहरण घेऊ. ‘बाग तिजोरीसारखी आहे’ ही उपमा. ‘बाग जणू तिजोरीच’ ही उत्प्रेक्षा. ‘बाग आमची तिजोरी आहे’ हे रूपक, कारण इथे बाग आणि तिजोरी यांत भेद उरलेला नाही, तरी दोघींची नावे वाक्यात आहेत. ‘ही बाग नव्हे, तिजोरीच’ ही अपन्हुती. वादळानंतर आडव्या पडलेल्या बागेकडे पाहत शेतकरी ‘आमची तिजोरी आडवी झाली’ एवढेच म्हणतो, तेव्हा बागेचे नाव उच्चारलेलेच नसते; उपमान (जिची उपमा दिली ती तिजोरी) उपमेयाला (जिला दिली त्या बागेला) गिळून बसलेले असते. संस्कृत परंपरेत ही अतिशयोक्ती, इंग्रजी वळणाने तेही रूपकच. भाषांतरित संज्ञा स्वीकारताना ही सीमा पुसली गेली, आणि माझ्या मते त्यात मराठीचे नुकसान झाले, कारण नाव घेऊन केलेला आरोप आणि नाव गिळून केलेला आरोप यांत दुःखाची तीव्रता वेगळी असते, ती दाखवणारा शब्द आपल्याजवळ असूनही वापरातून गेला. एकच संज्ञा शिकवायला सोपी जाते, हे विरुद्ध बाजूचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

जळगावजवळच्या असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या ओव्यांत ही सीमा शाबूत आहे. संसाराला चुलीवरचा तवा म्हणताना तिथे ‘जसा’ आहे, म्हणून ती उपमा. मनाला उभ्या पिकातले ओढाळ ढोर म्हणताना असा साम्यवाचक शब्द नाही, म्हणून ते रूपक. तिच्या रचना १९५२ मध्ये, मृत्यूनंतर वर्षभराने, पुस्तकरूपाने आल्या आणि पुढे पाठ्यपुस्तकांत स्थिरावल्या.

विसाव्या शतकात आणखी दोन अर्थ जडले. संपूर्ण नाटक एखाद्या राजकीय वास्तवावर बेतलेले असेल तर त्याला समीक्षक रूपक म्हणू लागले, ज्यासाठी ‘रूपककथा’ हा अधिक नेमका शब्द आधीच होता. आकाशवाणीने नभोनाट्य आणि श्रुतिका यांच्याबरोबर माहितीप्रधान कार्यक्रमालाही रूपक म्हटले; निवेदन, संवाद आणि संगीत यांच्या त्या गुंफणीत कापसाच्या बोंडअळीवरचा कार्यक्रमही रूपक ठरतो. या शेवटच्या अर्थात कोणावर कशाचा आरोप उरलेला नाही, तरी आवाज बदलून शेतकरी आणि कृषी अधिकारी अशा दोन्ही भूमिका एकच कलावंत वठवतो तेव्हा ‘दशरूपका’तला जुना अर्थ तिथेही लागू पडतो.