गेमवरचं वयाचं रेटिंग आणि कायदा

व्हिडिओ गेमच्या बॉक्सवर किंवा अ‍ॅप स्टोअरमध्ये नावाखाली १२, १६, १८ असा जो आकडा दिसतो ते त्या गेमचं वयाचं रेटिंग. गेम किती अवघड आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही (पुष्कळ पालक तसंच समजतात, आपला मुलगा हुशार आहे म्हणून १८ वाला गेमपण जमेल त्याला), आतमध्ये रक्त, मारामारी, शिव्या, नग्नता, जुगार काय आणि किती आहे ते बघून हा आकडा ठरतो. खरा वाद पुढे आहे, हा आकडा नुसता सल्ला मानायचा का तो मोडून लहान पोराला गेम विकणाऱ्यावर केस करायची.

अमेरिकेत हा सल्लाच आहे. १९९३ मध्ये मॉर्टल कॉम्बॅटसारख्या गेमवरून सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, सरकार कायदा करेल या भीतीने कंपन्यांनी १९९४ मध्ये ईएसआरबी ही स्वतःचीच रेटिंग संस्था काढली. पुढे २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केलाच, आमदार लेलँड यी यांचं विधेयक, सही गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची, १८ च्या खालच्याला हिंसक गेम विकला तर १००० डॉलरपर्यंत दंड. पण यात ईएसआरबीचं रेटिंग वापरलंच नव्हतं, हिंसक कशाला म्हणायचं ते सरकारनेच लिहून टाकलं होतं, आणि माझ्या मते चूक तिथेच झाली. कायदा लागू होण्याआधीच कोर्टात अडकला आणि २७ जून २०११ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांचं म्हणणं, पुस्तकाला जे अभिव्यक्तीस्वातंत्र्य आहे तेच गेमला, आणि ग्रिमच्या परीकथांमध्ये काय कमी क्रूरपणा आहे. विरोधात मत देणाऱ्या ब्रायर यांनी विचारलं की १३ वर्षांच्या मुलाला नग्न बाईचा फोटो असलेलं मासिक विकायला बंदी, मग ज्या गेममध्ये तो स्वतः बाईला बांधून छळतो तो विकायला परवानगी कशी. या प्रश्नाचं पटणारं उत्तर मला त्या निकालात सापडत नाही.

तरीपण कायद्याशिवाय काहीच झालं नाही असं म्हणता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दुकानांत एकटी मुलं पाठवून बघितलं, २००० मध्ये १०० पैकी ८५ जणांना १७ वर्षांवरचा गेम मिळाला होता, २०१३ मध्ये फक्त १३ जणांना.

ब्रिटनने उलटा रस्ता धरला. तिथे ३० जुलै २०१२ पासून पेगी या युरोपातल्या रेटिंग पद्धतीचे १२, १६ आणि १८ हे आकडे कायद्याने बंधनकारक आहेत, मोडले तर दुकानदाराला दंड किंवा तुरुंग. आकडा रेटिंगवालेच ठरवतात, कायदा फक्त विक्रीवर लक्ष ठेवतो, मला हीच वाटणी योग्य वाटते. या कायद्याचं मूळ १९८४ च्या व्हिडिओ कॅसेटच्या कायद्यात आहे, आणि २००९ मध्ये लक्षात आलं की तो करताना युरोपियन कमिशनला कळवायचंच राहिलं होतं म्हणजे पंचवीस वर्षं तो लागूच करता येत नव्हता, २०१० मध्ये तोच परत मंजूर करावा लागला. जर्मनीतपण २००३ पासून यूएसके या तिथल्या रेटिंग संस्थेचं लेबल बंधनकारक आहे, एरफुर्टच्या शाळेतल्या गोळीबारानंतर.

ब्रिटनच्या कायद्यातली मोठी फट म्हणजे तो बॉक्समधल्या डिस्कला लागतो, डाउनलोडला नाही. आणि आता गेम येतो तो डाउनलोड होऊनच. भारतात रेटिंग मोडलं म्हणून शिक्षा असा कायदा नाही, २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. प्ले स्टोअरवर १६+, १८+ दिसतं, पण आपल्याकडे पोरं फोन वापरतात आईचा नाहीतर बाबांचा, त्यावरचं अकाउंट चाळिशीतल्या माणसाचं, त्यामुळे स्टोअरच्या हिशोबाने १८+ चा गेम मोठ्या माणसानेच घेतलेला असतो.