शिक्का, मोर्तब आणि ‘रिगार्ड्स’

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरून मध्यंतरी ई-मेल आला. मजकूर एका शब्दाचा: ‘ओके’. त्याखाली सहीच्या सतरा ओळी. नाव, हुद्दा, तीन मोबाइल, जीएसटी क्रमांक, गणपतीचं चित्र, ‘गरज असेल तरच प्रिंट काढा’ सांगणारं हिरवं झाड आणि शेवटी ‘सांगली न्यायकक्षेस अधीन’. वर मात्र ना नमस्कार, ना माझं नाव. आधी हसू आलं. मग एकेक ओळ पाहत गेलो, तर तिथं बरंच जुनं सामान भरलेलं होतं.

मराठी पत्राला वर मायना आणि तळाला मर्यादा असे. राजपत्रात वर शिक्का उमटे आणि मजकूर संपला की छोटं मोर्तब. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही शिवरायांची मुद्रा सर्वांना पाठ असते. तिच्या जोडीचं मोर्तब, ‘मर्यादेयं विराजते’, तितकं आठवत नाही. पत्राची हद्द इथं संपते, असा त्याचा अर्थ. ते शोभेचं नव्हतं, पहाऱ्यावरचं होतं. त्याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. आपण आजही एखाद्या गोष्टीवर ‘शिक्कामोर्तब’ करतो ते यातूनच.

साताऱ्याच्या गादीच्या पेशव्यांचा शिक्का तर आजच्या सहीच्या चौकटीत बसवावा असा आहे. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात १७०८ साली झाला आणि १७२० साली बाजीरावांना पेशवेपद मिळालं. त्यांच्या शिक्क्यावरचा मजकूर असा: ‘श्री राजा शाहू नरपती हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. आधी धनी, मग स्वतःचं नाव, बापाचं नाव, शेवटी हुद्दा. कोण, कुणाच्या वतीनं, कोणत्या अधिकारानं लिहितोय, ते एका ओळीत कळतं. हुद्दाही पाहा. साऱ्या मुलखाच्या तोंडी ‘पेशवा’, शिक्क्यावर मात्र ‘मुख्य प्रधान’, कारण शिवकाळात फारसी पदनामांना संस्कृत नावं दिली गेली होती. व्हिजिटिंग कार्डावर एक आणि कँटीनमध्ये दुसरंच नाव असण्याची आपली परंपरा अशी जुनी आहे.

मायन्याचं काम वेगळं. तो नातं मोजायचा. मोठ्या माणसाला ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’, पुढे नाव, मग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’. शेवट ‘बहुत काय लिहिणे’. हाताखालच्याला मात्र नुसतं ‘जाणिजे’, विषय संपला. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातली पत्रं निवडून छापली, ती चाळताना हा तोल सतत जाणवतो. लिहिणाऱ्याचं नावही बहुधा मायन्यातच येऊन जाई. म्हणजे मजकुराआधीच पत्र कुणाचं ते कळे, जसं आज इनबॉक्समध्ये कळतं. तळाशी ‘आपला नम्र’ लिहून सही ठोकण्याची सवय आपल्याला पुढे लागली.

घरगुती पत्रांत हेच आटून ‘सा. न. वि. वि.’ (साष्टांग नमस्कार, विनंती विशेष), ‘अ. उ. आ.’ (अनेक उत्तम आशीर्वाद) झालं. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, त्या चिमूटभर जागेत ही अक्षरं फार सोयीची.

पत्त्याच्या ओळीलाही इतिहास आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. १९६० च्या नोव्हेंबरात ‘दक्षिण सातारा’चं नाव ‘सांगली’ पडलं. अकरा वर्षांत दोनदा छापील कागद बाद! तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, आणि ज्या देवराष्ट्रे गावात त्यांचा जन्म झाला तेही साताऱ्यातून सांगलीकडे आलं. राज्य स्थापन झालं त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं आणि सरकारी हुद्द्यांना मराठी नावं देणं सुरू झालं. कलेक्टरच्या सहीखाली ‘जिल्हाधिकारी’ दिसू लागलं, ते या खटाटोपातून.

ई-मेलचा जन्म दूरदेशी. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप धाडला. पुढे नेटवरच्या चर्चांमध्ये लोक प्रत्येक निरोपाखाली सह्या लावू लागले, त्यात अक्षरांची चित्रंसुद्धा. लाइनी मंद होत्या, म्हणून शिष्टाचार ठरला की सही चार ओळींहून मोठी नको. १९९५ च्या नेट-शिष्टाचाराच्या मसुद्यात तो आकडा नोंदलेला आहे. सहीच्या वर दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा टाकायची, म्हणजे उत्तर देताना प्रोग्राम त्याखालचं आपोआप गाळणार. ‘मर्यादेयं विराजते’च की हे! एवढाच फरक, की तिथं मर्यादेखाली काही येऊ नये असा दंडक, आणि इथं मर्यादेखाली आलेलं बिनमहत्त्वाचं.

ही मर्यादा मोडली ती धंद्यानं. १९९६ साली हॉटमेल निघालं आणि त्यांनी प्रत्येक पत्राच्या बुडाशी स्वतःची एक ओळ चिकटवली: तुम्हीही फुकट ई-मेल घ्या. लिहिणाऱ्याच्या सहीत दुसऱ्याची जाहिरात. पुढे मोबाइल कंपन्यांनी तेच केलं. त्यात कायद्याची भर पडली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीच्या व्यावसायिक पत्रावर नाव, नोंदणीकृत पत्ता, ओळख क्रमांक, फोन, ई-मेल लागतात, म्हणून कंपन्या ते सगळं सहीतच कोंबतात. भागीदारी पेढीला हे कलम लागू नाही, पण पाहून पाहून तीही भरते. न्यायकक्षेची ओळ तर सरळ बिलावरून उचललेली.

मायना मात्र या प्रवासात गळाला. एक कारण फाँटचं. युनिकोड रुळण्याआधी मराठीत टंकून पाठवलेलं समोरच्याकडे तोच फाँट नसला तर चिन्हांचा कचरा होऊन उघडे. मग ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘रिगार्ड्स’ची सवय लागली, ती अडचण गेल्यावरही सुटली नाही. ‘स. न. वि. वि.’ (सप्रेम नमस्कार, विनंती विशेष) ई-मेलला जुनाट वाटतं म्हणणाऱ्यांना ‘रिस्पेक्टेड सर’ जुनाट का वाटत नाही, हे मला कळलेलं नाही. साधं ‘नमस्कार, अण्णा’ तरी चालावं.

तर त्या पेढीचे अण्णा. त्यांच्या मुलानं परवा सही आखून मागितली. मी चार ओळी दिल्या: नाव, भागीदार; पेढीचं नाव; मार्केट यार्ड, सांगली; एकच मोबाइल. जीएसटी बिलावर असतो, तो तिथंच राहू दे म्हटलं. झाड गेलं, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. गणपती काढायला मात्र अण्णा तयार होईनात. म्हटलं, काढू नका, तळातून उचलून वर ठेवा. जुन्या पत्रांतही ‘श्री’ सगळ्यांत वरच असायचा. त्यावर अण्णांचं उत्तर ई-मेलनं आलं. वर बारीकसा गणपती, खाली ‘ओके’.