अंत्यविधीची गीतपुस्तिका छापून घेताना

घरातले माणूस गेलेले असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी चर्चमध्ये जमायची असते. आमच्याकडे बहुधा जावई किंवा पुतण्या येतो. हातात एक फोटो, दोन तारखा आणि तीन-चार गीतांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी. पुण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी आम्ही उपासनेच्या आणि अंत्यविधीच्या पुस्तिका छापतो. अशा घाईत जे बोलणे होत नाही, ते इथे लिहून ठेवत आहोत. हे पत्रक घरी बायबलमध्ये ठेवून द्या.

आमचा पहिला आग्रह असा की गीताखाली कवीचे नाव छापून घ्या. त्याला एक ओळ पुरते आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. ही गीते ज्यांनी लिहिली त्यांतल्या कित्येकांनी मरण जवळून पाहिले होते. ते कळले की गाणाऱ्याचा आवाज वेगळा लागतो, हे आम्ही पाहिले आहे.

‘अबाइड विथ मी’ सगळ्यांत जास्त मागितले जाते. त्याचे कवी हेन्री फ्रान्सिस लाइट हे इंग्लंडमधल्या ब्रिक्सम या कोळ्यांच्या गावचे पाळक. क्षयाने खंगलेले. 1847 च्या सप्टेंबरात त्यांनी मंडळीला निरोपाचे प्रवचन दिले, त्याच सुमारास हे गीत घरच्यांच्या हाती ठेवले आणि हवापालटासाठी ते निघाले. 20 नोव्हेंबरला, आज फ्रान्समध्ये असलेल्या नीस इथे ते वारले. गीताचे बीज लूकच्या शुभवर्तमानात आहे. अम्माऊसच्या वाटेवर भेटलेल्या अनोळखी सोबत्याला दोघे शिष्य विनवतात, दिवस उतरला आहे, आमच्याकडे राहा. आज सगळीकडे गातात ती चाल विल्यम हेन्री मंक यांनी 1861 मध्ये दिली. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट या लष्करी बँडच्या सोहळ्यात वर्षानुवर्षे तीच वाजायची, 2022 मध्ये वगळली गेली, त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या पाहुण्यांनाही ती ओळखीची असते.

मूळ गीताची आठ कडवी, गातात सहसा पाच. जागा पुरत नाही म्हणून काही जण शेवटचे कडवे गाळायला सांगतात. कृपा करून तसे करू नका. डोळे मिटत असताना तुझा क्रूस माझ्यासमोर धर, हे मागणे त्याच कडव्यात आहे. पूर्वी एकदा आम्हीच पान वाचवायला ते कापले होते. कबरीपाशी बाकीचे थांबले आणि वारलेल्या गृहस्थांच्या पत्नीने ते कडवे एकटीने, तोंडपाठ म्हटले. तेव्हापासून कडवे कमी करायचे असेल तर मधले करतो आणि घरच्यांना विचारून करतो.

‘इट इज वेल विथ माय सोल’ हे शिकागोचे वकील होरेशिओ स्पॅफर्ड यांचे. 22 नोव्हेंबर 1873 रोजी अटलांटिकमध्ये ‘व्हिल द्यु हाव्र’ ही बोट दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली आणि त्यांच्या चारही मुली गेल्या. पत्नी ॲना तेवढ्या वाचल्या. त्यांना आणायला समुद्रमार्गे जाताना स्पॅफर्डनी हे शब्द लिहिले असे सांगतात. चाल फिलिप ब्लिस यांची, आणि तिचे नावही त्या बोटीवरूनच. 1876 मध्ये गीत छापले गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओहायोतल्या रेल्वे अपघातात ब्लिसही गेले. ज्या घरातले मूल गेले आहे, तिथे आम्ही हे गीत आपणहून सुचवत नाही. माझ्या जिवाचे बरे आहे, हे स्पॅफर्डनी स्वतःच्या तोंडाने म्हटले. दुसऱ्या बापाला आपण ते म्हणायला लावू नये. अशा वेळी तेविसावे स्तोत्र घ्या. ते मराठीत, इंग्रजीत, नुसते वाचूनही चालते.

आता आपल्या भाषेतली गीते. रेव्हरंड नारायण वामन टिळक शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’मुळे सगळ्यांना माहीत होतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म, 1895 मध्ये बाप्तिस्मा, 9 मे 1919 रोजी मुंबईत मृत्यू. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते सांगत. म्हणूनच परदेशी चालीत मराठी शब्द कोंबण्यावर न थांबता त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग आणि भजने लिहिली. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. देहू ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या ख्रिस्ती माणसाला शेवटचा निरोप अभंगातून मिळावा, हे आम्हाला फार योग्य वाटते. त्याची एक सोयही आहे. कबरस्तानात ऑर्गन नसतो, पेटीही बहुधा नसते. भजन मात्र एकाने ओळ म्हणावी, बाकीच्यांनी मागून धरावी असे चालते, झांज असली तर उत्तम. म्हणून चर्चमध्ये इंग्रजी गीत ठेवले तरी कबरीपाशी मराठी ठेवा, असे आम्ही सुचवतो. नातवंडे इंग्रजी शाळेतली असतील तर नुसता नंबर देऊन भागत नाही, सगळी कडवी छापावी लागतात. आजीला पाठ असते, नातीला नसते.

हक्कांचेही सांगायला हवे. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतात. लाइट, स्पॅफर्ड, टिळक यांची मूळ गीते मोकळी आहेत. अलीकडची उपासनागीते आणि नवी भाषांतरे तशी नसतात, त्यांना परवानगी लागते आणि एका रात्रीत ती मिळतेच असे नाही. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचेही नाव द्या.

अक्षर आम्ही मोठेच ठेवतो, कारण गाणारे निम्मे लोक चष्मा घरी विसरून आलेले असतात. प्रूफ घरच्या एकाच माणसाने पाहावे, पण पाळकसाहेबांना किंवा फादरना दाखवून मगच होकार द्यावा. रात्री उशिरा फोन केलात तरी चालेल. फक्त गीत सांगताना नंबरासोबत पहिली ओळही सांगा. आवृत्ती बदलली की नंबर बदलू शकतो.