दाखल्याआधीची नोंद

ठाणे, नवी मुंबईत घराण्याचा इतिहास शोधणारे बहुतेक जण एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: आजीचा मूळ जन्मदाखला कुठे मिळेल? खरं तर त्या काळी असा कागद सहसा कोणी काढतच नसे. मूळ असते ती वहीतली नोंद. दाखला हा तिचा नंतरचा उतारा. म्हणून आधी वही कोणाकडे होती ते पाहावं लागतं.

१८८६ साली जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचा कायदा आला, पण त्यातली नोंदणी ऐच्छिक होती. गावांतल्या जन्ममृत्यूच्या नोंदी महसुली दप्तरात, गाव नमुना १४ मध्ये होत. यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथल्या जुन्या घरांचा माग महापालिकेत नव्हे, या दप्तरात काढावा लागतो. जुनी पानं मोडी लिपीत असतात, त्यामुळे वाचणारा जाणकार सोबत हवा. शिवाय बारशाआधीच नोंद झालेली असल्याने बाळाचं नाव अनेकदा नसतंच. वडिलांचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच. आजीला चार बहिणी असतील तर यातली आपली कोणती?

आजीचं तर लग्नात नावही बदललेलं असतं. सासरच्या नावाने शोधून काही हाती लागत नाही. माहेरचं गाव आणि पणजोबांचं नाव हवं. हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवर विचारून घ्यावं, हे मी कळकळीने सांगतो. शाळेच्या जनरल रजिस्टरचा आधार मिळतो, पण तिथली १ जून ही जन्मतारीख बहुधा गुरुजींनी घातलेली असते.

जन्ममृत्यू नोंदणी सक्तीची करणारा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. तेव्हा नवी मुंबई महापालिका नव्हतीच. ती १९९२ ची. त्याआधीच्या नोंदी ग्रामपंचायतींच्या. ठाणे शहरात मात्र १८६३ पासून नगरपालिका होती. पूर्वज जव्हार, डहाणूचे असतील तर २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात गेला, हेही ध्यानात ठेवावं.

लग्नाचं दप्तर आणखी विरळ. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चचं रजिस्टर, मुसलमानांना काझींचा निकाहनामा; हिंदू घरांत बहुधा जपलेली लग्नपत्रिकाच. विवाह नोंदणीचा राज्याचा कायदा १९५३ चा, नंतरचा १९९८ चा, तरी कित्येकांनी नोंद केली ती पासपोर्टची वेळ आल्यावर.

अर्ज करताना नुसता संगणकावरचा दाखला मागू नये. जुन्या पानाचीच नक्कल मागावी. समासातली एखादी दुरुस्तीही तिच्यात दिसते.