तापलेल्या ढिगात जिवंत किती?

एप्रिलची खरड छाटणी झाली की निफाड, दिंडोरीकडं द्राक्षबागेत काड्यांचा नुसता खच पडतो, आणि बरेच जण तो बांधावर नेऊन पेटवतात, ते बघून खरंच जीव तुटतो. मामांनी यंदा काड्यांची कुट्टी करून शेणात मिसळून ढीग लावला. पाचव्या दिवशी आत खुपसलेली लोखंडी सळई दहा मिनिटांनी ओढली तर हातात धरवेना. मामा म्हणाले, "एवढ्या उष्णतेत जिवाणू राहिलेत का रे, का सगळे शिजले?"

तर ती उष्णता जिवाणूंचीच असते, ते काडीकचरा खातात आणि त्यातूनच ढीग तापतो. साधारण ४० अंशांपर्यंत नेहमीचे जिवाणू काम करतात, त्याच्या वर ते मागं पडतात आणि उष्णता आवडणारे, बॅसिलसच्या गोतावळ्यातले, ताबा घेतात. ६५-७० च्या पुढं मात्र त्यांचीही संख्या पडते, म्हणून पलटी मारायची.

आता मोजायचं कसं? १० ग्रॅम कंपोस्ट ९० मिली निर्जंतुक सलाईनमध्ये टाकून चांगलं घुसळायचं, कारण जिवाणू काडीच्या कणांना चिकटून बसलेले असतात. त्यातलं १ मिली पुढच्या नळीतल्या ९ मिलीत, त्यातलं १ मिली त्याच्या पुढच्या नळीत, असं करत सहाव्या पायरीपर्यंत जायचं आणि शेवटच्या नळीतलं ०.१ मिली प्लेटवर, म्हणजे जिवाणूंचं खाद्य घालून गोठवलेल्या अगारच्या थरावर, पसरायचं. दोन दिवसांनी समजा ४२ ठिपके उगवले, तर १ ग्रॅममध्ये झाले ४२ कोटी! आणि कंपोस्टमध्ये ६० टक्के पाणी असेल तर कोरड्या ग्रॅममागं १०५ कोटी. एक ठिपका एकाच जिवाणूपासून उगवेल असं नाही, चिकटलेल्या झुबक्याचाही एकच ठिपका होतो, म्हणून त्याला नुसतं जिवाणू न म्हणता सीएफयू (कॉलनी फॉर्मिंग युनिट, म्हणजे ठिपका उगवणारं एकक) म्हणतात. कल्चरच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तेच.

पण खरी गोम इथंच आहे. प्लेट ३० अंशांवर ठेवली तर तापलेल्या ढिगातले बरेच जिवाणू उगवतच नाहीत आणि आपल्याला वाटतं ढीग मेला, तेच सॅम्पल ५५ अंशांवर ठेवा, प्लेट भरून येते. हे जमतं ते अगारमुळं. पूर्वी जिलेटिन वापरायचे, ते उन्हाळ्यातसुद्धा पातळ व्हायचं. १८८१ मध्ये फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं, म्हणजे आपलं चायना ग्रासच की!

तरी प्लेटवर न उगवणारे खूप उरतात, मायक्रोस्कोपखाली मोजलं तर आकडा कितीतरी मोठा येतो, पण त्यात मेलेलेही धरले जातात. म्हणून दोन रंग वापरतात, हिरवा सगळ्यांत शिरतो, लाल फक्त ज्यांचं आवरण फाटलंय त्यांच्यात. मला सगळ्यात आवडते ती काजव्याची पद्धत. जिवंत पेशीत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, असतं, पेशी मेली की ते लवकर संपतं, त्यामुळं काजव्यातलं ल्युसिफरेज, म्हणजे एटीपी वापरून उजेड पाडणारं एन्झाइम, टाकून उजेड किती पडतो ते बघायचं. मिनिटांत उत्तर मिळतं, फक्त बुरशीचं एटीपीही त्यातच मोजलं जातं.

मामांच्या ढिगाचं सॅम्पल पुढच्या पलटीआधी परत घेणार आहे, पोटातलं वेगळं आणि कडेचं वेगळं, आणि दोन्हीच्या प्लेट ३० लाही लावायच्या, ५५ लाही.