एकाच कोनाड्यात इतके मासे कसे मावतात?

तलावाचा काठ आत वळून जिथे पाण्याचा उथळ कोनाडा तयार होतो, तिथे गळ टाकून बसलेल्याला एकाच सकाळी चार-पाच जातींचे मासे लागू शकतात. आमिष बदललं म्हणून मासा बदलला, असं गळ टाकणारे सांगतात. ते अर्धंच खरं. बरेचदा बदललेली असते ती गळाची जागा, आणि पाण्यात दोन हातांवरही वस्ती वेगळी असते.

उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून मुळं धरणाऱ्या पाणवनस्पती तिथेच वाढतात. त्यांच्या पानांवर शेवाळ, शेवाळावर गोगलगाई आणि किड्यांच्या अळ्या, त्यांच्यामागे लहान मासे, आणि त्या माशांवर टपलेले मोठे. खाणं मुबलक असतं, पण सगळेच एका ताटावर बसले तर पुरणार कसं?

अर्ल वर्नर आणि डोनाल्ड हॉल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून पाहिलं आणि १९७६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. ब्लूगिल, पम्पकिनसीड आणि ग्रीन सनफिश या एकमेकींच्या नात्यातल्या तीन जाती त्यांनी आधी वेगवेगळ्या तळ्यांत ठेवल्या. एकट्या असताना तिघींनीही पाणवनस्पतींमधलं खाणं पसंत केलं. मग तिन्ही एकाच तळ्यात सोडल्या. ग्रीन सनफिशनं वनस्पतींतली जागा सोडली नाही. ब्लूगिल मोकळ्या पाण्यातल्या बारीक जीवांकडे वळला आणि पम्पकिनसीड तळाच्या गाळाकडे. म्हणजे अमुक माशाला अमुक आवडतं, हे आपण ठामपणे बोलतो तेव्हा त्याच्या शेजारी कोण राहतं हे विचारायचं राहून जातं.

वाटणीच्या खुणा माशाच्या अंगावरही दिसतात. कार्पचं तोंड खालच्या बाजूला वळून पुढे येतं. तो गाळ तोंडात ओढतो, खाण्यासारखं ठेवतो आणि बाकीचं थुंकतो. त्याच्यासाठी आमिष तळाला टेकलेलं हवं. पाईकची गोष्ट उलट. लांबट अंग, पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ. हा दूरवर पाठलाग करणारा मासा नाही; वनस्पतींच्या कडेला निश्चल थांबून एका झेपेत भक्ष्य गाठणारा आहे. कॅटफिशच्या मिशांवरच नव्हे, सगळ्या अंगावर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे गढूळ पाण्यात, अंधारातही त्याचं अडत नाही.

ही वाटणी पक्की मात्र नसते. उन्हाळ्यात वर गरम, हलकं पाणी आणि खाली थंड, जड पाणी असे थर पडतात. वारा सुटला की वरचं गरम पाणी, त्यातल्या बारीक जीवांसकट, वारा ज्या काठावर आदळतो तिकडे ढकललं जातं, आणि समोरच्या काठाशी खालचं थंड पाणी वर येतं. वाऱ्याकडे तोंड करून गळ टाकावा, या जुन्या सल्ल्यात बरंच तथ्य आहे (डोळ्यांत पाणी येतं, तो भाग वेगळा). वारा पडल्यावरही पाणी लगेच स्थिरावत नाही, मागेपुढे हेलकावत राहतं. एफ. ए. फोरेल या स्विस शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात जिनिव्हा सरोवरात असे हेलकावे मोजले होते. तिथल्या पृष्ठभागाच्या एका हेलकाव्याला सुमारे ७४ मिनिटं लागतात. खालच्या थरांचे हेलकावे याहून कितीतरी संथ असतात, आणि त्यांच्याबरोबर काठाजवळच्या पाण्याचं तापमान बदलतं.

रात्रीचा हिशेब आणखी वेगळा. अंधारात वनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. उकाड्याच्या, वारा नसलेल्या रात्रीनंतर दाट वनस्पतींच्या आत सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा पहाटे वनस्पतींच्या पोटात गळ टाकण्यापेक्षा बाहेरची कड बरी.

कोनाड्याच्या तोंडाशी तळ एकदम खोल जातो, तिथे पर्च सापडतात. मासा परत सोडणार असाल तर इथे जपा. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथून झटकन वर ओढलेल्या पर्चच्या पोटातली हवेची पिशवी फुगून दुप्पट होऊ पाहते. कार्पला ही हवा नळीवाटे तोंडातून सोडता येते. पर्चला तशी नळीच नसते, आणि पाण्यात सोडल्यावरही तो खाली जाऊ शकत नाही.